वाचकांचे प्रश्न : वेलॉसिटी वाढली, मग घोडं पेंड खातंय कुठे?

मागच्या अंकात अर्धवट पडलेल्या कामांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की तुमच्या ऑफिसात काय काय मोजतात ते कळवा. ईमेलचा ढीगच आला. बहुतेकांचं दुखणं सारखंच आहे, कंपनी मोठी, टीम दहा-वीस, अ‍ॅजाइल सुरू करून चार-पाच वर्षं झालेली, डॅशबोर्ड रंगीत, आणि तरी काम काही वेळेत बाहेर पडत नाही. त्यातली सहा पत्रं निवडलीत. नावं आणि कंपन्या अर्थातच काढून टाकल्यात. शब्द नवे असतील त्यांच्यासाठी : अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत करत जायची पद्धत, स्क्रम हा तिचा एक प्रकार, आणि स्क्रम मास्टर म्हणजे त्यात टीमचं काम सुरळीत चालतंय ना हे बघणारा. कामाचा एक छोटा तुकडा म्हणजे स्टोरी किंवा तिकीट, तो किती मोठा याचा टीमने दिलेला अंदाज म्हणजे पॉइंट, आणि एका ठरलेल्या टप्प्यात टीम जितके पॉइंट संपवते ती तिची वेलॉसिटी.

प्रश्न : ताई नमस्कार. मी हिंजवडीला एका सर्व्हिस कंपनीत स्क्रम मास्टर आहे. क्लायंट युरोपातली इन्शुरन्स कंपनी आहे, त्यांच्यासाठी आमच्या ९ टीम काम करतात. जानेवारीपासून डिलिव्हरी हेडना दर सोमवारी सगळ्या टीमची वेलॉसिटी एका स्लाइडवर शेजारी शेजारी लागते. आमची ३८ होती, पलीकडच्या टीमची ६२. आता आम्ही पण जी स्टोरी आधी ३ ची म्हणायचो ती ५ ची म्हणतो, तीन महिन्यात ३८ ची ५५ झाली, सर खूश आहेत. रिलीज मात्र होते तितकेच उशिरा जातात. मला रात्री झोप येत नाही कारण आपण खोटं बोलतोय असं वाटतं. दोन टीमची वेलॉसिटी नीट कंपेअर करायचा काही फॉर्म्युला आहे का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, यात तुमचा खोटेपणा नाहीये, झोप घालवू नका. ज्या आकड्यावरून माणसाला जोखतात तो आकडा माणूस वाढवतोच, मुद्दाम नाही, हळूहळू, प्लॅनिंगला '३ की ५' असा वाद झाला की हात आपोआप ५ कडे जातो. चार्ल्स गुडहार्ट हे त्या वेळी बँक ऑफ इंग्लंडमध्ये होते, त्यांनी १९७५ साली चलनाच्या धोरणाबद्दल हेच मांडलं होतं, आणि १९९७ मध्ये मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ते अगदी सोपं करून सांगितलं, की माप हेच टार्गेट झालं की ते चांगलं माप राहत नाही. तुमच्या नऊ टीममध्ये नेमकं तेच झालंय.

फॉर्म्युला नाहीये आणि असू शकत नाही. हे पॉइंट आले कुठून ते बघा. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या अ‍ॅजाइलच्याच एका प्रकाराच्या सुरुवातीच्या काळात अंदाज 'आयडियल डे' मध्ये द्यायचे, म्हणजे कोणी मध्ये आलं नाही, मीटिंग नाही, फोन नाही तर किती दिवस लागतील. प्रत्यक्षात त्याच्या साधारण तिप्पट लागायचे आणि मग वरचे लोक विचारायचे की एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का? ती कटकट नको म्हणून दिवस हा शब्दच काढला आणि पॉइंट म्हणायला लागले, एवढीच त्याची जन्मकथा आहे. त्या काळात हे काम करणारे रॉन जेफ्रीज यांनी नंतर स्वतः लिहिलंय की पॉइंट बहुतेक मीच शोधले असतील, आणि तसं असेल तर आता मला त्याचं वाईट वाटतं. म्हणजे पॉइंट हा एका टीमचा आपापसातला अंदाज आहे, ज्याचा त्याचा. तुमच्या आईची वाटी आणि शेजारच्या काकूंची वाटी एकच असायची का? दोन्ही घरचा भात छानच होतो, पण 'त्यांच्या तीन वाट्या आणि आमच्या दोनच' यावरून काही ठरत नाही. आणि स्क्रमची अधिकृत पुस्तिका, २०२० चं स्क्रम गाइड, तिच्यात वेलॉसिटी हा शब्दसुद्धा नाहीये हे तुमच्या सरांना हळूच दाखवा.

मग मोजायचं काय? इथे मला जरा सविस्तर सांगायचंय.

मी एका मोठ्या कंपनीत अशाच टीमसोबत बसले होते. आम्ही एकच तिकीट घेतलं. काम किरकोळ होतं, फॉर्ममध्ये नॉमिनीची जन्मतारीख टाकायला एक नवीन रकाना, आणि अठरा वर्षांखालचा असेल तर पालकाचं नाव विचारायचं. मीटिंग रूमच्या काचेवर आम्ही त्या तिकिटाचा सगळा प्रवास चिकट कागदांनी लावला, प्रत्येक दिवसाला एक कागद, कोणी प्रत्यक्ष हात लावला तो दिवस पिवळा आणि नुसतं पडून होतं तो गुलाबी. ३ मार्च सोमवार, डेव्हलपरने काम घेतलं, ५ ला कोड तयार. दोन पिवळे. मग रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्या कोणी तो कोड तपासण्याची वाट, कारण रिव्ह्यू करणारा दुसऱ्या रिलीजमध्ये अडकला होता, ११ तारखेला त्याने बघितलं आणि बघायला लागला एक तास. पुढे टेस्ट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे तपासून बघायची वेगळी सिस्टिम, तीन टीममध्ये मिळून एकच, २० तारखेला नंबर लागला, टेस्टर मुलीने दीड दिवसात काम संपवलं, २१ ला ते सिक्युरिटीच्या लोकांकडे गेलं. त्यांचं उत्तर आलं २७ ला. २७ ला गुरुवार होता आणि चेंज अप्रूव्हलची मीटिंग असते बुधवारी, म्हणजे ती आदल्याच दिवशी होऊन गेलेली, पुढची २ एप्रिलला. अप्रूव्हल मिळालं तर ५ एप्रिलच्या शनिवारी दुसऱ्या सिस्टिमचं मायग्रेशन होतं म्हणून रिलीज १२ तारखेला ढकलला.

चाळीस दिवस. त्यात धरून-सवरून चार दिवस हात लागलेला. काच सगळी गुलाबी दिसत होती आणि त्या खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. ती टेस्टर मुलगी शेवटी म्हणाली, मला सगळे विचारत होते टेस्टिंगला इतका वेळ का लागतोय.

आता बघा, समजा त्या डेव्हलपरने दोन दिवसांचं काम एका दिवसात केलं असतं, टीमची वेलॉसिटी अगदी दुप्पट झाली असती, तरी गिऱ्हाइकाला तो रकाना १२ एप्रिललाच दिसला असता, कारण बुधवार काही हलला नसता आणि शनिवारही नाही. मोठ्या संस्थेत वेळ जातो तो टीमच्या आत फार कमी, टीम आणि टीमच्या मधल्या फटीत जास्त, आणि वेलॉसिटीच्या स्लाइडमध्ये ती फट दिसतच नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं चाललंय ते.

त्यामुळे तुम्ही एवढंच करा, संपलेली शेवटची दहा तिकिटं घ्या, जिरामध्ये, म्हणजे तिकिटं ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टेटस कधी बदललं त्या तारखा असतातच, एकेक तिकीट किती दिवस हातात होतं आणि किती दिवस पडून होतं ते मांडा. तारखा थोड्या इकडेतिकडे असतील, लोक तिकीट उशिरा सरकवतात, तरी चालेल. ते वेलॉसिटीच्या स्लाइडच्या जागी नका देऊ, तिच्या शेजारी द्या. सरांची स्लाइड चूक आहे असं म्हणत गेलात तर बोलणं तिथेच संपेल, पण 'सर, ५५ झाली तरी रिलीज का उशिरा जातोय ते सापडलंय' म्हणालात तर तेच खुर्ची पुढे ओढतील. त्या काचेवाल्या टीमने पुढे दोनच गोष्टी केल्या. रोज जेवणानंतर अर्धा तास फक्त रिव्ह्यूसाठी ठेवला, आणि तिन्ही टीमनी मिळून दुसरं टेस्ट एन्व्हायर्नमेंट मागितलं, मागताना ते गुलाबी कागदच डायरेक्टरसमोर ठेवले. दीड वर्ष मागत होते, त्या महिन्यात मिळालं.

प्रश्न : मॅडम, तुमचा मागचा लेख वाचून ऐरोलीला आमच्या टीममध्ये एका वेळी चालू कामांवर लिमिट लावली. दोन आठवडे झाले. आता मॅनेजर म्हणतात की दोन मुलं रिकामी बसलेली दिसतात, क्लायंट तासाचे पैसे देतो, लिमिट काढा. काय सांगू?

उत्तर : लिमिट काढू नका, दोन आठवड्यात काही कळत नाही, निदान दोन महिने द्या. पण तुमच्या मॅनेजरची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नका, तिला उत्तर द्यायला हवं.

पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ साली एक साधा नियम सिद्ध केला, रांगेत सरासरी जितकी कामं आहेत भागिले दर आठवड्याला जितकी संपतात, बरोबर एका कामाला सरासरी लागणारा वेळ. तुमच्या बोर्डवर ३६ कामं चालू आणि आठवड्याला ६ संपत असतील तर एकेक काम सरासरी सहा आठवडे घेणारच, कोणी कितीही धावपळ केली तरी. तीच चालू कामं १८ वर आणली आणि आठवड्याला ६ संपतच राहिली तर तीन आठवडे. माणसं तीच आणि पगारही तेच.

आता रिकाम्या मुलांचं. ठाणे-बेलापूर रोड सकाळी नऊला बघा, रस्ता शंभर टक्के वापरात असतो आणि म्हणूनच कोणी पुढे सरकत नाही. रांगेच्या सगळ्यात सोप्या गणितात, म्हणजे खिडकी एक आणि लोक कधीही येणार, खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर वाट बघण्याचा वेळ प्रत्यक्ष कामाच्या चौपट होतो, ९० टक्के असेल तर नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. टीम म्हणजे काही एक खिडकी नाही हे मान्य, पण कल तोच. सगळे पूर्ण बिझी ठेवायचे म्हणजे सगळं काम रांगेत उभं करायचं.

आणि ती दोन मुलं रिकामी का दिसतात, तर नवीन काम उचलायला मनाई आहे, अडलेल्या कामाला हात लावायला नाहीये. त्यांना सांगा, बोर्डवर जे सगळ्यात पुढे जाऊन अडकलंय तिथे जाऊन बसा. डेव्हलपर असेल तर टेस्टिंगला मदत करा, टेस्ट डेटा बनवून द्या. बिलिंगचे तास तेवढेच लागतात, आणि क्लायंटला तासांपेक्षा संपलेलं काम आवडतं हे मॅनेजरनाही माहीत असतं.

प्रश्न : मी मुंबईत एका बँकेच्या आयटीमध्ये आहे. नवीन सीटीओ आल्यावर हुकूम आला की सगळ्या टीमनी डोराचे चार मेट्रिक्स लावायचे आणि 'एलिट' मध्ये यायचं. मोबाइल अ‍ॅपवाले आठवड्याला दोनदा रिलीज करतात, आम्ही मेनफ्रेमवर कोअर सिस्टिम सांभाळतो, तीन महिन्यातून एकदा. आम्ही तर कायम तळालाच राहणार ना?

उत्तर : मोबाइल अ‍ॅपशी तुलना केलीत तर हो, कायम. म्हणून ती करायचीच नाही, तुमची तुलना तुमच्याच मागच्या वर्षाशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डोरा म्हणजे निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी उभं केलेलं संशोधन, हजारो लोकांचे सर्व्हे घेऊन केलेलं, २०१८ च्या शेवटी ते गूगलने घेतलं. त्यांची मूळ चार मापं अशी, किती वेळा प्रॉडक्शनला, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमवर जाता, कोड टाकल्यापासून प्रॉडक्शनला पोचायला किती वेळ लागतो, गेलेल्या बदलांपैकी किती बिघडवतात, आणि बिघडलं तर सावरायला किती वेळ. मूळ मांडणीत पहिली दोन वेगाची, पुढची दोन स्थिरतेची. यातली मोलाची गोष्ट ही की ज्या टीम वेगवान होत्या त्याच बहुधा स्थिरही निघाल्या. आपल्याकडे, खास करून बँकेत, उलट समजतात, की हळू जाऊ म्हणजे सांभाळून जाऊ. पण तीन महिन्यांचे बदल एकाच रात्री टाकले आणि पहाटे काही फुटलं तर दोनशे बदलांतला कुठला गुन्हेगार ते शोधायचं कसं, तुम्ही त्या रात्री जागलेले असाल, तुम्हाला मी काय सांगू.

अजून एक, हे तुमच्या सीटीओंना जरूर सांगा. त्याच मंडळींच्या अभ्यासात असं निघालं होतं की जिथे टीमच्या बाहेरच्या बोर्डाकडून किंवा मॅनेजरकडून प्रत्येक बदलाचं अप्रूव्हल घ्यावं लागतं तिथे वेग कमी होतो, बिघाडानंतर सावरायलाही जास्त वेळ लागतो, आणि बिघडण्याचं प्रमाण काही कमी होत नाही. बँकेत अप्रूव्हल बंद करा असं मी म्हणणार नाही, कोणी काय बदललं, कोणी बघितलं याचा माग ऑडिटला लागतो आणि लागायलाच हवा. पण मागच्या सहा महिन्यात कॅबच्या, म्हणजे बदलांना मंजुरी देणाऱ्या बोर्डाच्या मीटिंगसमोर किती बदल आले आणि त्यातले किती खरंच नाकारले गेले हे मोजा. मी जिथे जिथे हा आकडा काढायला लावलाय तिथे नाकारलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघालेत, तेही बहुतेक फॉर्म नीट भरला नाही म्हणून. जे बदल वारंवार तसेच्या तसे येतात, टॅक्सचा दर बदलला, ब्रँच कोड वाढला, ते स्टँडर्ड चेंज म्हणून आधीच मंजूर करून ठेवता येतात, ही सोय आयटीआयएलमध्ये, म्हणजे आयटी सेवा चालवायच्या प्रचलित चौकटीत आहेच, कोणी वापरत नाही एवढंच.

तुम्ही सुरुवात कुठून कराल? मला वाटतं रिग्रेशन टेस्टिंगपासून, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासण्यापासून. मेनफ्रेमवर तीन महिन्यांचा रिलीज असण्याचं कारण बहुतेक वेळा तंत्रज्ञान नसतंच, सगळं हाताने तपासायला तीन-चार आठवडे लागतात म्हणून महिन्याला करणं परवडत नाही, हे असतं. ते किती दिवस घेतं तो आकडा तुमचा. तो वीसवरून बारावर आला तर तुमच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे, 'एलिट'चा शिक्का लागो न लागो. आणि चेंज फेल्युअर मोजायच्या आधी 'फेल्युअर' म्हणजे काय ते लिहून ठरवा, नाहीतर हॉटफिक्सला, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीला लोक 'प्लॅन्ड सुधारणा' म्हणायला लागतात आणि आकडा सुधारतो, सिस्टिम नाही.

प्रश्न : मी खराडीला सीनियर डेव्हलपर आहे, अकरा वर्षं झाली. कंपनीने आता टूल आणलंय, प्रत्येकाचे कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) किती, पुल रिक्वेस्ट (ते बदल तपासून सामावून घ्यायची विनंती) किती, कोडच्या ओळी किती, सगळं दिसतं आणि त्याची रँक लागते. माझा निम्मा दिवस ज्युनियर मुलांचा कोड बघण्यात आणि प्रॉडक्शनचे प्रॉब्लेम शोधण्यात जातो. मी १४ जणांत तेरावा आहे. अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. रिव्ह्यू करणं बंद करावं असं मनात येतंय.

उत्तर : बंद करू नका, प्लीज. तुमच्यासारख्या माणसाने हात काढून घेतला की त्या टीमचं काय होतं ते मी पाहिलंय, सहा महिने काही दिसत नाही आणि नंतर सगळं एकदम दिसतं.

ही गोष्ट जुनी आहे. १९८२ साली अ‍ॅपलमध्ये लिसा नावाच्या कॉम्प्युटरवर काम चालू होतं, मॅनेजरनी ठरवलं की प्रत्येक इंजिनियरने आठवड्याला किती ओळी लिहिल्या त्याचा फॉर्म भरायचा. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी त्याच सुमारास ग्राफिक्सचा एक भाग नव्याने लिहिला होता, तो जवळपास सहापट वेगवान झाला आणि कोड दोन हजार ओळींनी कमी झाला. त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं, उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. चाळीस वर्षांवर झाली याला आणि आपण परत तिथेच येऊन उभे आहोत याचं मला फार वाईट वाटतं.

'जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही' हे वाक्य मॅनेजमेंटच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळतं. सॉफ्टवेअरच्या जगात ते रुजवणाऱ्या टॉम डिमार्को यांनी ते १९८२ मध्ये लिहिलं आणि २००९ मध्ये स्वतःच पुन्हा लेख लिहून सांगितलं की आता माझं मत तसं राहिलेलं नाही, ज्या प्रोजेक्टमधून खरंच मोठी किंमत मिळते तिथे एवढ्या काटेकोर ताब्याची गरजच नसते. २०२१ मध्ये फोर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेस नावाची मांडणी केली, त्यात समाधान, परिणाम, हालचाल, संवाद आणि कामाचा प्रवाह अशा पाच बाजू आहेत, आणि त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे की एकाच बाजूच्या एकाच आकड्यावरून उत्पादकता ठरवू नका. तुमचं टूल त्या पाचातली फक्त हालचाल मोजतंय. हे तुमच्या एचआरला सांगायला चांगलं पडेल, कारण यातल्या फोर्सग्रेन डोरावाल्याच आहेत, 'मोजूच नका' म्हणणाऱ्या नाहीत.

अप्रेझलचं मात्र व्यवहाराने बघायला हवं. आज रात्री बसून मागच्या सहा महिन्यांची यादी काढा, रिव्ह्यूमध्ये पकडलेल्या आणि प्रॉडक्शनला गेल्या असत्या तर महागात पडल्या असत्या अशा पाच-सहा गोष्टी, तारखेसकट, पुल रिक्वेस्टच्या लिंकसकट. प्रॉडक्शनचे किती प्रॉब्लेम तुम्ही शोधलेत आणि किती वेळात. ज्या दोन-तीन मुलांचा कोड तुम्ही बघता त्यांना सुरुवातीला एका पुल रिक्वेस्टवर किती वेळा परत यावं लागायचं आणि आता किती. हा शेवटचा आकडा फार बोलका असतो, मी सांगते. त्या मुलांनाच दोन ओळी लिहायला सांगा. आणि मॅनेजरना मीटिंगच्या आधी पाठवा, मीटिंगमध्ये नाही, त्यांनाही वर कोणालातरी उत्तर द्यायचं असतं, त्यांच्या हातात काहीतरी द्या. एवढं करूनही तेरावाच नंबर लागला तर तो त्या कंपनीचा निर्णय, आणि मग तुम्ही तुमचा घ्यायला मोकळे आहात. अकरा वर्षांच्या माणसाला मार्केटमध्ये विचारतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीला प्रॉडक्ट ओनर आहे, टीम पुण्यात. ६० स्टोरी राहिल्यात. डायरेक्टर दर आठवड्याला एकच विचारतात, कधी होणार, तारीख द्या. टीम म्हणते अ‍ॅजाइलमध्ये तारीख नसते. मी मध्ये सापडलेय.

उत्तर : टीमचं चुकतंय. पैसे देणाऱ्याने तारीख विचारली तर त्याला काहीतरी उत्तर मिळायलाच हवं, फक्त एक तारीख नाही, तारीख आणि तिची खात्री, दोन्ही.

मागच्या १२ आठवड्यात दर आठवड्याला किती स्टोरी पूर्ण झाल्या ते काढा. समजा ४, ७, ३, ६, ५, ०, ८, ५, ४, ६, ७, २ असे आले. एकूण ५७, सरासरी पावणेपाच, ६० भागिले पावणेपाच म्हणजे साधारण १३ आठवडे, आणि सगळे इथेच थांबतात आणि १३ सांगून मोकळे होतात. पण सरासरीवर तारीख देणं म्हणजे चुकायची भरपूर शक्यता घेऊन चालणं. त्याऐवजी हे बारा आकडे चिठ्ठ्यांवर लिहिलेत असं समजा, डोळे मिटून एक उचला, परत टाका, परत उचला, बेरीज ६० होईपर्यंत, आणि किती उचलाव्या लागल्या ते लिहा. असं हजार वेळा. एक्सेल हे एका मिनिटात करतं, याला माँटे कार्लो म्हणतात, नाव मोठं आहे, करायला सोपं आहे. वरच्या आकड्यांवर १३ आठवडे म्हणालात तर दहापैकी जवळजवळ चार वेळा चुकाल, १५ म्हणालात तर दहापैकी एखाद्या वेळी. डायरेक्टरना दोन्ही सांगा आणि निवडू द्या. आणि दर दोन आठवड्यांनी परत काढा, कारण ६० च्या ६० राहत नाहीत, नवीन स्टोरी येतच असतात, त्या किती येतात तेही त्याच कागदावर लिहा.

तो शून्याचा आठवडा दिवाळीचा असेल तर 'तो धरू नका' असं कोणीतरी म्हणेलच. धरा. पुढच्या पंधरा आठवड्यातही काहीतरी येईलच, गणपती असेल, फ्लूची साथ असेल, तुमच्याकडचा थँक्सगिव्हिंग असेल.

एका स्टोरीला किती दिवस लागतील असं विचारलं तर शेवटच्या ४० स्टोरींचे दिवस लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि ३४ वा आकडा बघा. तो १७ असेल तर '८५ टक्के वेळा १७ दिवसात होतं' असं सांगा. यात पॉइंट कुठेच आले नाहीत बघा.

प्रश्न : नागपूरला मिहानमध्ये नवीनच स्क्रम मास्टर झालोय. डॅशबोर्डसाठी कुठलं टूल घ्यावं? आणि किती मेट्रिक्स ठेवावेत?

उत्तर : आत्ता काही घेऊ नका, जिरा आहे तेवढं पुरे. मेट्रिक सुरुवातीला एकच ठेवा, चालू असलेल्या प्रत्येक तिकिटाचं वय, म्हणजे काम सुरू केल्याला आज किती दिवस झाले. संपलेल्या कामाचे आकडे हे वरातीमागून घोडं, ते बघून शिकता येतं पण त्या कामाचं काही करता येत नाही. वय मात्र आज दिसतं आणि आजच काहीतरी करता येतं. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, 'काल काय केलं' असं माणसामाणसाला विचारण्याऐवजी बोर्डच्या उजव्या टोकापासून सुरू करा, जे प्रॉडक्शनच्या सगळ्यात जवळ आहे ते आधी, आणि त्यात सगळ्यात म्हातारं तिकीट पहिलं. ते कशासाठी थांबलंय आणि कोणाला फोन करायचा एवढंच विचारा, आणि तो फोन तुम्ही स्वतः करा, स्टँडअप संपल्या संपल्या. महिनाभर हे करा आणि मला कळवा की पहिल्या दिवशी सगळ्यात जुनं तिकीट कितव्या दिवसाचं निघालं आणि ते कोणाच्या दारात अडकलं होतं.